साळवे मॅडमचा डावा हात

तुमच्या घरात शेवटचं बाळ जन्मलं, तेव्हा त्याचे दोन्ही हात तुम्ही उघडे करून पाहिले होते का?

बोटं मोजली असतील. रंग कुणाचा, नाक कुणाचं यावर वाद घातला असेल. दुपट्यात गच्च गुंडाळलेल्या गाठोड्याचा फोटो, ज्यात फक्त तोंड दिसतं, साऱ्या नातेवाइकांना पाठवला असेल. पण बाळ दचकतं तेव्हा त्याचे दोन्ही हात सारखे उडतात का, की एक उडतो आणि दुसरा तसाच पडून राहतो, हे पाहिलं होतं? नाही ना? मीही पाहिलं नव्हतं. हा प्रश्न मला साळवे मॅडमनी विचारला, आमच्या दारात उभं राहून, चप्पलसुद्धा न काढता.  

डॉ. कौसल्या साळवे. गाव पिशोर. शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षं शरीररचना शिकवली, म्हणजे माणसाच्या आत काय कुठं असतं ते, मृतदेह उघडून. जिवंत रुग्ण त्यांनी क्वचितच तपासला असेल. "माझ्या एकाही पेशंटनं आजवर तक्रार केलेली नाही," असं त्या सांगायच्या आणि समोरच्याला हसावं की नको हे कळायच्या आत पुढच्या विषयाकडे वळायच्या.

बुटक्या, कडक कांजीची सुती साडी, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आणि डावा हात. तो खांद्यापासून सरळ खाली लोंबायचा, आतल्या बाजूला वळलेला, तळवा मागं. जन्मापासून. खांद्यातून तो वर जात नसे, कोपरात वाकत नसे. अशा हाताला इंग्रजी पुस्तकांत हॉटेलातल्या वेटरची उपमा दिली आहे, हात मागं करून गुपचूप बक्षिसी घेणाऱ्या. आपल्याकडच्या पोरांना वेटर कशाला हवा? "साळवे मॅडम मागून चिरीमिरी घेतात," अशी कुजबुज दर वर्षी नव्या बॅचमध्ये व्हायचीच. मॅडमना ते माहीत होतं. पहिल्याच तासाला त्या वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या, म्हणजे तो मागं वळलेला तळवा सगळ्यांना दिसेल, आणि म्हणायच्या, "ज्यांना काही द्यायचं असेल त्यांनी आत्ताच देऊन टाका. नंतर मी फक्त उत्तरं घेते."

पण खरं तर त्या हातानं त्या सगळं द्यायच्या. खडू, उत्तरपत्रिका, चहाचा कप. उजव्या हातानं डावं कोपर खालून उचलायच्या आणि डाव्या हातानं वस्तू पुढं करायच्या. पंजा त्यांचा चांगला होता, बोटं मजबूत होती, फक्त ती पोहोचवायला दुसऱ्या हाताची गरज होती. एकदा बुद्धपौर्णिमेला विहारात त्या अशाच खीर वाढत होत्या. एक पाहुणेबाई कुरकुरल्या, "डाव्या हातानं काय वाढता?" मॅडम थांबल्या, डाव्या कोपराखालचा उजवा हात त्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "नीट बघा. दोन्ही हातांनी वाढतेय." बाईंनी वाटी पुढं केली.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता: "वर बघ." बोट बधिर झालं म्हणून कुणी बोट चोळत बसलं की, वर बघ, मानेत बघ. नळाला पाणी नाही म्हणून शेजारी तोटी बदलायला निघाले की, वर बघा, व्हॉल्व्ह सुटलाय का. रिक्षावाल्यानं लाईट लागत नाही म्हणून बल्बला चापट मारली की मागच्या सीटवरून, "अरे बाबा, वर बघ, वायर बघ." मला हे वाक्य फार आवडलं. मी ते लगेच एका मोर्च्याच्या फलकावर लिहून टाकलं. मॅडमनी तो फलक वाचला आणि कपाळावर आठी घातली. "घोषणा केलीस होय त्याची? तू तर वर बघून नुसती मूठ दाखवतेस. वर बघायचं ते बिघाड शोधायला."

आता त्या आमच्या दारात का आल्या होत्या ते सांगते.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा संघटनेचे, वस्तीतलं कुठलंही पत्रक तेच लिहायचे. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर सभा' वाचून. निवृत्तीनंतर मॅडमनी एक काम हाती घेतलं होतं आणि त्यासाठी त्यांना एक पत्रक हवं होतं. बाबांची नजर तोवर अधू झाली होती. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही लिहील. आगीसारखं लिहिते."

मॅडमनी मला विषय सांगितला. बाळंतपणात कधी कधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आत अडकतो. तेव्हा डोकं ओढलं जातं. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे. मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं एक जाळं असतं, त्यावर ताण येतो. नसा ताणल्या जातात, कधी तुटतात. बाळ वाचतं, हात पडतो.

मी रात्रभर नाही, पण दुपारभर बसून लिहिलं. 'जाहीर सवाल! कोवळ्या हातांचे मारेकरी कोण? अडाणी सुईणी, बेफिकीर दवाखाने आणि झोपलेली व्यवस्था यांचा धिक्कार असो!' दोन पानं भरली. मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं, कागद आणि तांबडं पेन दोन्ही उजव्या हातात. पेन एकदाही टेकवलं नाही. मला वाटलं, जिंकले.

"यात बाळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

"हे काय मॅडम, सगळं बाळाबद्दलच तर..."

"शत्रू तीन आहेत. बाळ एकही नाही. त्याचा कुठला हात? काय करायचं त्याचं? कोण वाचणार हे, कळेल कुणाला?" त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. "शनिवारी विहारात ये. चार वर्ग कर. मग लिही."

त्या वर्गात विद्यार्थिनी होत्या बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाया. शहरातल्या आणि आसपासच्या दहा-बारा जणी. मॅडमचं गणित सरळ होतं. डॉक्टर बाळाला एकदा बघतात. आजी दुपट्यात बघते. आई घाबरत बघते. रोज सकाळी, उजेडात, पूर्ण उघडं बाळ पायावर घेऊन बघणारी एकच बाई असते. पाण्याचा पहिला तांब्या पडतो तेव्हा बाळ दचकतं आणि दोन्ही हात फेकतं. डॉक्टर ज्या गोष्टीसाठी मुद्दाम तपासणी करतात, ती या बाईच्या मांडीवर रोज आपोआप होते. फक्त तिला कुणी सांगितलेलं नसतं की हे बघ.

आणि दुसरंही सांगायचं होतं. मालिश झाल्यावर बाळाचे हात छातीवर कात्रीसारखे ओढायचे, दोन्ही मनगटांना धरून बाळ उचलायचं, ही यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ताणलेल्या नसेच्या हाताला ती रीत म्हणजे दुसरा घाव.

नळाला पाणी यायच्या दिवशी वर्ग नसायचा, कारण त्या दिवशी कुणीच आलं नसतं. इतर शनिवारी विहाराच्या मागच्या खोलीत सतरंजी पसरली जायची आणि भिंतीला एक फळी टेकवली जायची. तिच्यावर ठिबकच्या नळ्यांचं जाळं ठोकलेलं. पिशोरहून भावानं शेतातल्या उरलेल्या नळ्या आणि जोड पाठवले होते. वर पाच तोंडं, मानेतून निघणाऱ्या पाच नसांची. त्या पाच एकमेकींत मिसळून तीन व्हायच्या. तिघी फुटून सहा. सहांच्या पुन्हा तीन. शेवटी पाच, आणि खाली पाच वाट्या. वाट्यांवर चिठ्ठ्या: खांदा उचलणं. कोपर वाकवणं. मनगट वर करणं. पकड. बोटं.

मॅडम वरून निळीचं पाणी सोडायच्या. पाचही वाट्या भरू लागायच्या.

पहिल्याच दिवशी बिडकीनहून येणाऱ्या जैबूनबीनं हात वर केला. साठीची बाई, तोंडात पान, अर्ध्या बिडकीनची बाळं तिच्या पायांवर न्हालेली. "मॅडम, इत्ती भूलभुलैया कायकू? ऊपर से पाँच, नीचे भी पाँच. सीधे पाइप डाल देते ना."

सगळ्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. पाण्याचा मग खाली ठेवून त्या जैबूनबीसमोर येऊन बसल्या. "हा प्रश्न तीस वर्षांत मला एकाही डॉक्टर होणाऱ्या पोरानं विचारला नाही. सगळे पाठ करायचे. पाच, तीन, सहा, तीन, पाच. का, ते कुणी नाही विचारलं." मग त्यांनी वरची एकच नळी चिमटीत धरली. खांद्याच्या वाटीतली धार बारीक झाली, पण थांबली नाही. "बघा. दुसऱ्या वाटेनं येतंच आहे. सरळ पाइप असता तर एक बंद पडला की एक काम कायमचं बंद."

"आमच्या गल्लीच्या लायनीला असं जाळं टाकायला पायजे व्हतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि खोली पुन्हा हसली.

"आता बघा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वरच्या दोन नळ्या एकत्र होतात तो जोडच दाबला. खांद्याची वाटी कोरडी. कोपराची कोरडी. मनगटाच्या वाटीत थेंब थेंब. पण पकडीची आणि बोटांची वाटी भरून वाहत होती. "डोकं ओढलं की बहुतेक वेळा इथं ताण बसतो. म्हणून बाळाचा खांदा पडतो, कोपर पडतं. आणि मूठ? मूठ चांगली राहते. आजीबाई मुठीत बोट देतात, बाळ घट्ट धरतं, आजीबाई म्हणतात हात झकास आहे. तिथंच आपण फसतो. मूठ बघू नका. कोपर बघा."

मी वहीत हे लिहून घेतलं. पण माझ्या डोक्यातला मूळ प्रश्न तसाच होता. वर्ग संपल्यावर फळी उचलू लागताना मी विचारलं, "ते सगळं ठीक आहे मॅडम. पण गुन्हेगार कोण? कुणीतरी ओढलं ना? तुमचा हात कुणी ओढला?"

त्यांनी सतरंजीची घडी घालता घालता मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली.

त्यांची आई कांदा खायची नाही. जेवणात भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि घरातल्या सगळ्यांच्या ताटात कांदा, आईच्या नाही. दहा वर्षांची असताना मॅडमना चुलतीकडून कारण कळलं. पोटुशी असताना आईनं म्हणे ग्रहणात कांदा चिरला होता, म्हणून पोरीचा हात असा झाला. सगळं गाव हेच म्हणायचं. आईनंही मान्य केलं होतं. ती स्वतःला शिक्षा देत होती, रोज, दोन्ही वेळच्या ताटात.

पुढं मॅडम डॉक्टरकीला लागल्या. पहिल्याच वर्षी हे नसांचं जाळं शिकवायला आलं. सरांनी पुस्तकातलं चित्र वर धरलं: एक लहान मूल, एक हात लोंबता, तळवा मागं. सगळा वर्ग हळूहळू वळून मॅडमकडे बघू लागला. "मला लाज वाटली असेल असं तुला वाटतं ना?" त्या मला म्हणाल्या. "मला एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता. म्हणजे कांदा नव्हता!"

त्याच दुपारी त्यांनी पिशोरची एसटी पकडली. आई अंगणात बसली होती. मॅडमनी चुलीतला कोळसा घेतला आणि सारवलेल्या अंगणात पाच रेघा काढल्या. पाचाच्या तीन, तिघींच्या सहा. सगळं जाळं काढलं. आईला सांगितलं, इथं ताणलं गेलं. तुझा काही दोष नव्हता.

आईनं त्या रेघांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "ताणलं म्हंजी कुणी?"

आणि तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. बाळंतपण गिरजाआत्यानं केलं होतं. वडिलांची सख्खी बहीण, समोरच्याच घरात राहणारी, गावाची सुईण. आत्या त्या वेळीही समोरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

आईनं तिकडं एकदा बघितलं. मग पायानं ती सगळी रेघोटी पुसून टाकली.

"गिरजाला सांगू नको," आई म्हणाली. "डोकं भाईर आन खांदा आत. निळी पडली व्हतीस तू. समद्या म्हनल्या, गेलं पोर. तिनं ओढलं म्हनून तू हायस. लई घाबरली व्हती ती बी."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. संध्याकाळी जेवायला बसलो. आईनं टोपलीतला कांदा घेतला, बुक्की मारून फोडला आणि भाकरीबरोबर खाल्ला. एकोणीस वर्षांनी." मॅडमनी सतरंजी कोपऱ्यात ठेवली. "आत्याला मी नंतर शिकवलं. खांदा अडकला तर काय करायचं, कसं ओढायचं नाही. का शिकवतेय ते सांगितलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं माझा हा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आता तू ठरव, गुन्हेगार कोण ते. ठरलं की पत्रकात लिही."

मी लिहिलं नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी मला ते पटलंही नव्हतं. बेफिकीर दवाखाने आहेतच, मी आजही म्हणते. अडलेल्या बाईला वेळेवर दवाखाना मिळत नाही, त्याचा जाब विचारलाच पाहिजे. मॅडमचं म्हणणं काय होतं ते मला कळलं बिडकीनला.

तिसऱ्या शनिवारी जैबूनबी आली ती बसलीच नाही. "मॅडम, एक बच्ची है. पानी डाली तो एक हाथ उड़ा, दूसरा सोया पड़ा. तीन दिन से देख रही मैं. उसकी नानी बोलती, मुँह बंद रख."

बाळ बावीस दिवसांचं होतं. आई पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आम्ही तिघी बसनं बिडकीनला गेलो. नवं दुमजली घर, बाहेर ट्रॅक्टर, आत पाळणा. पल्लवीची आई, शांताकाकू, दारातच आडव्या आल्या. जैबूनबीकडे त्यांनी अशा नजरेनं बघितलं की मी असते तर पान गिळलं असतं.

"झोपलीय ती. सव्वा महिना झाल्याबिगर आमी कुणाला दाखवत नाय."

"मी कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. "जैबूनबीची मैत्रीण आहे. पाणी तर देता?"

पाणी आलं. आम्ही बसलो. पाळण्यात बाळ दुपट्यात इतकं आवळलेलं की कणीस वाटावं. मॅडम काही बोलेनात. शेवटी शांताकाकूंनाच राहवेना. त्यांनी दुपट्याच्या फटीतून डावी मूठ तेवढी बाहेर काढली आणि आपलं बोट तिच्यात घातलं. "बघा. कसं धरतंय! काय झालंय हाताला? काय बी झालं नाय."

मॅडम उठून त्यांच्याजवळ गेल्या. "माझ्या मुठीत बोट द्या तुमचं."

"ऑं?"

"द्या तर."

शांताकाकूंनी बोट दिलं. मॅडमनी डाव्या मुठीनं ते आवळलं. काकू कळवळल्या, "अगं बाई! सोडा, सोडा."

"घट्ट आहे ना? आता या हाताला सांगा, वर हो."

हात लोंबत राहिला. काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. मॅडमनी पदर बाजूला केला आणि वाळलेला, बसका खांदा दाखवला. "एकसष्ट वर्षं झाली. मूठ अशीच घट्ट आहे."

कोपऱ्यात बसलेली पल्लवी उठली. पाळण्यापाशी गेली आणि तिनं दुपट्याची गाठ सोडली. बाळाचा उजवा हात कोपरात दुमडून कानाशी. डावा अंगालगत सरळ, तळवा मागं.

शांताकाकू रडू लागल्या. "मला काय दिसत नव्हतं व्हय? पयल्या दिवसापासून दिसतंय. बारशाला तिच्या सासरची माणसं आली तवा म्या असं आवळून बांधलं, की कुणाला कळू नये. ते आदीच म्हनत्यात, ग्रहणात मोबाइल बघत बसली व्हती पोरगी. आता हे कळलं तर तिला नांदवतील का? आन या पोरीचं लगीन कसं व्हायचं? तुमचं झालं का?"

"नाही झालं. पण त्याला हात कारण नाही, माझं तोंड कारण आहे," मॅडम म्हणाल्या. पल्लवी रडता रडता हसली.

मी तिथं बसून होते आणि माझी दोन पानं मला आठवत होती. मारेकरी कोण? या घरात अडाणी कुणीच नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं. आळ येईल या भीतीनं बावीस दिवस एक हात दुपट्यात बांधून ठेवला होता. माझ्या पत्रकानं त्या आळाला आणखी मोठा आवाज दिला असता.

"नवऱ्याला फोन लाव," मॅडम पल्लवीला म्हणाल्या. "आत्ता. स्पीकरवर."

शांताकाकू नको नको म्हणत असताना पल्लवीनं स्वतः फोन लावला. गणेश एका कारखान्यात कामाला होता, सुट्टी म्हणून घरी. मॅडमनी त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. मग पलीकडून त्याच्या आईचा आवाज आला, लांबून, पण स्पष्ट. "म्या म्हनलंच व्हतं! गिराणात घरात बस म्हनलं तर..."

"ताई," मॅडमनी फोनकडे तोंड करून वर्गातला आवाज काढला. "ग्रहणानं नस ताणली जात नाही. बाळ बाहेर येताना खांदा अडकला होता. माझ्या आईनं याच आळापायी एकोणीस वर्षं तोंडात कांदा घातला नाही. तुमच्या सुनेला काय काय सोडायला लावणार आहात, ते मोजून ठेवा."

मग गणेश, हळू, "आई, थांब जरा." आणि मग, "मॅडम, कुठं न्यायचं?"

"सोमवारी सकाळी नऊ वाजता. सरकारी दवाखान्याच्या दारात मी उभी असते."

नऊला पाच कमी असताना तो तिथं होता, हे त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

पुढचे दोन महिने मॅडमनी घड्याळ लावल्यासारखे काढले. बहुतेक बाळांचे हात अशा वेळी हळूहळू आपोआप सुधारतात. हलके व्यायाम शिकवतात, ते रोज करायचे, ओढाताण करायची नाही. पण तीन महिन्यांच्या आसपास कोपर स्वतःहून वाकायला लागलं नाही, तर नसांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावंच लागतं. वाट बघत बसलं तर स्नायू वाळतात आणि मग नस जोडूनही उपयोग होत नाही. मॅडमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका तारखेला तांबडं वर्तुळ होतं. दर आठवड्याला त्या बिडकीनला जायच्या, बाळाच्या तोंडासमोर खुळखुळा धरायच्या आणि डाव्या कोपराकडे बघत बसायच्या.

कोपर वाकलं नाही.

वर्तुळाच्या आठ दिवस आधी मॅडमनी पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. "आणखी एक महिना बघू," असं गणेशच्या घरचे म्हणाले. "नाही," मॅडम म्हणाल्या. एवढंच. पुढं कुणाला बोलायला जागाच ठेवली नाही. ऑपरेशन झालं. पायातली एक नस काढून मानेतल्या तुटक्या जागी जोडली. डॉक्टरांनी सांगितलं, नस मुंगीच्या पावलांनी वाढते. वर्ष लागेल, जास्तही लागेल. खात्री नाही.

पत्रक मी त्या आठवड्यात पुन्हा लिहिलं. पोस्टकार्डाएवढं. पहिली ओळ: 'बाळाच्या आईचा यात काही दोष नाही.' मॅडमनी वाचलं, तांबडं पेन काढलं आणि खाली उरलेलं एकुलतं एक उद्गारचिन्ह खोडलं. "आता छाप."

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते मध्यवर्ती बसस्थानकावर. पिशोरला आणि आजूबाजूच्या गावांत पत्रकं वाटायला त्या निघाल्या होत्या. तिथल्या बायांचा वर्ग सुरू करायचा होता. गठ्ठा डाव्या बगलेत दाबलेला, खांद्याला पिशवी, पिशवीतून ठिबकच्या नळ्यांची टोकं डोकावणारी. खिडकीची जागा मिळाली. बस सुटताना मी खालून हात हलवला. त्यांचा डावा हात खिडकीकडे होता. त्यांनी तो उजव्या हातानं उचलला, खिडकीच्या कडेवर ठेवला आणि त्या हाताच्या बोटांत एक पत्रक धरून बाहेर काढलं. शेजारून एक बाई कडेवर तान्हं घेऊन चालली होती. तिनं ते घेतलं. बस वळली तरी तो पंजा खिडकीत होता, रिकामा, उघडा.

त्या हिवाळ्यात पिशोरलाच त्या हृदयविकारानं गेल्या. देहदानाचा अर्ज त्यांनी केव्हाच भरून ठेवला होता. भावानं मला तो दाखवला. समासात तांबड्या शाईत लिहिलं होतं: 'डावी बाजू आधी उघडा. पोरांना नीट दाखवा.'

गेल्या महिन्यात जैबूनबीचा फोन आला. "व्हिडिओ भेजी हूँ. देख जल्दी." बिडकीनचं ते अंगण. पल्लवीची पोरगी आता चालते. तिच्या डाव्या हातात बिस्किट आहे. ती त्याच्याकडे बघते, दात आवळते, आणि कोपर वाकतं. थरथरत, अर्ध्यात थांबत, पण वाकतं. बिस्किट तोंडात जातं. मागून शांताकाकूंचा आवाज, "घे, अजून एक घे." हात खांद्याच्या वर अजून जात नाही. कदाचित कधीच पूर्ण जाणार नाही. तोंडापर्यंत जातो.

पत्रकावर मोठी झालेली मी, शेवटी मागणी केल्याशिवाय थांबणार नाही. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात तान्हं बाळ असेल तर आज तिथं जा. दुपटं सोडा. दोन्ही हात उजेडात बघा. मूठ नाही, कोपर आणि खांदा. एक हात उचलला जात नसेल तर तो ओढू नका, चोळू नका, सव्वा महिना थांबू नका, उद्या सकाळी दवाखान्यात न्या. बाळाला न्हाऊ घालणारी बाई असेल तर हे तिला वाचून दाखवा, तिला तुमच्याआधी कळेल.

आणि दुपटं सोडण्याआधी बाळाच्या आईजवळ बसा. तिला सांगा, तुझं काही चुकलेलं नाही. हे आधी सांगा, म्हणजे गाठ ती स्वतःच सोडेल.